‘समविचारी मंडळी’ म्हणजे नेमकं कोण? घटनेत ख्रिस्ती मूळ लिहिण्याची तेरा महिन्यांची खटपट

जालना जिल्ह्यातल्या आमच्या प्रार्थना मंडळाची घटना १९७८ ची. तिचं पहिलंच वाक्य असं आहे : “काही समविचारी मंडळी दर रविवारी एकत्र येऊन सर्वधर्मीय प्रार्थना करीत असत.” ही समविचारी मंडळी म्हणजे मिशनच्या शाळेतले ख्रिस्ती शिक्षक. प्रार्थना शाळेच्या वर्गात व्हायची, बाकं शाळेची होती, घंटाही शाळेचीच. पुढं तुकोबांचे अभंग आले, फुल्यांचे अखंड आले, धम्मपद आलं, कबीर आले, आणि मंडळ खरोखरच सगळ्यांचं झालं. फक्त सुरुवात कुठून झाली हे लिहायचं राहून गेलं. राहून गेलं की मुद्दाम ठेवलं, यावर आमच्यात अजूनही दोन मतं आहेत.

अशा संस्था मराठवाड्यात एकट-दुकट नाहीत. मिशनमधून निघालेली बालवाडी, वसतिगृह, भजनी मंडळ, आज सगळ्या जातिधर्मांची माणसं चालवतात आणि मुळाचा विषय निघाला की सगळे चहाकडं वळतात. आम्ही जानेवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात हे मूळ घटनेत लिहून घेतलं. त्यात काय करावं लागलं, कुठं अडलं, किती पैसे गेले, ते क्रमानं देतोय.

विषय निघाला तो एका साध्या प्रश्नावरून. नव्या सभासदांपैकी एकानं विचारलं, “प्रार्थना रविवारीच का? एकादशीला का नाही, पौर्णिमेला का नाही?” सुट्टी असते म्हणून, हे उत्तर शेतकऱ्याला पटणारं नव्हतं. त्यावर एक मावशी, ज्यांचं सगळं घराणं ख्रिस्ती, शांतपणे म्हणाल्या, “साठ वर्षं झाली इथं बसायलोत, अन् घटनेत आमचं नावच न्हाई.” पुढच्या कार्यकारिणीत हा विषय अधिकृतपणे घेतला.

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. जागेच्या जुन्या कागदांपैकी एक उर्दूत होता, निजामाच्या काळातला, त्यावर साल १३३८ फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं. हे साल वाचताना बहुतेक जण चुकतात. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून इंग्रजी साल काढायला कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरचा असेल तर ५९१. महिन्यांची नावंही वेगळी असतात : आजूर, दै, बहमन वगैरे. भाषांतर करून घेताना महिना आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहून मागा, नाहीतर नुसतं ‘१३३८’ हातात पडतं. आम्हाला सात पानांचे, पानाला ३५० प्रमाणे, २,४५० रुपये पडले आणि तीन आठवडे लागले.

हा कागद काढताना एक भीती होती, ती बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं. जागा मिशनची होती असं आपणच लिहून दिलं तर उद्या कुणी मालकी सांगत येईल का? म्हणून मुळाची चर्चा सुरू करण्याआधी मालकीचे कागद पक्के करा. आमच्याकडं १९७९ चं नोंदणीकृत खरेदीखत निघालं. दुय्यम निबंधकाकडून त्याची सूची क्रमांक २ ची (म्हणजे खरेदीच्या नोंदीची) नक्कल काढली, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (मिळकतीचा उतारा) जोडला, आणि ती चिंता मिटली. असं खत नसेल तर आधी वकिलाला भेटा. घटना कुठं पळून जात नाही.

दुसरी काळजी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची. जुन्या मंडळींनी उत्साहानं चर्चमध्ये जाऊन नोंदवही बघायची तयारी केली होती. ती आम्ही थांबवली. त्या वहीत ज्यांची नावं असतील त्यांची नातवंडं आज कोणत्या प्रवर्गाच्या दाखल्यावर शिकतायत, नोकरी करतायत, हे आपल्याला ठाऊक नसतं. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. आपल्याला इतिहास संस्थेचा लिहायचाय, कुणाच्या आजोबांचा नाही. शाळेची हजेरीपत्रकं, मिशनचे छापील अहवाल, जागेचे कागद यांवर काम भागतं. स्कॉटिश मिशनचे मूळ कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, निजाम सरकारचे हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. आम्ही एडिंबरोला ई-मेल केला आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेलो.

फेब्रुवारीत चार रविवार नुसत्या वाचनाला दिले. ही पायरी गाळू नका. मतदानाआधी माणसांना कळायला हवं की हा प्रश्न आपल्याच दारी पहिल्यांदा आलेला नाही. महाराष्ट्रातल्या सुधारक चळवळींनी तो दीडशे वर्षांपूर्वीच अंगावर घेतलाय. १८४९ ची परमहंस सभा गुप्तपणे भरायची, ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणं हा तिथं जात मोडल्याचा पुरावा धरला जायचा, आणि सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर ती सभा विस्कटली. १८६७ ला मुंबईत प्रार्थना समाज निघाला. रविवारची उपासना, पद, प्रवचन, पुन्हा पद, हा सगळा साचा चर्चमधल्यासारखा. पण रानडे आणि भांडारकर उभे राहिले की आधार तुकोबांचा. ‘अर्धे ख्रिस्ती’ हा टोमणा त्यांनी आयुष्यभर ऐकला. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ला युनिटेरियन मंडळींच्या (ख्रिस्ती परंपरेतले, पण त्रैक्य न मानता देव एकच मानणारे) मदतीनं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि परत येऊन प्रार्थना समाजाचेच प्रचारक झाले. ऋण घेतलं, ते लपवलं नाही, आणि धर्मही बदलला नाही. अमेरिकेत १९६१ ला एकत्र आलेल्या युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट मंडळींमध्येही हाच वाद चालतो : आपण ख्रिस्ती परंपरेतून निघालो हे ठळकपणे म्हणायचं, की आता पुढं आलो म्हणून सोडून द्यायचं?

आम्हाला सगळ्यांत जवळचा वाटला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांचा १९१७ चा ‘देवाचा दरबार’. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं म्हणायचे, आणि शेवटी मिशनची नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही एक मेळावा उभारायला घेतला. १९१९ ला ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण मूळ मान्य करायचं आणि दार उघडं ठेवायचं, या दोन गोष्टी एका जागी नांदू शकतात हे मराठीत कुणीतरी करून बघितलं होतं, एवढं आम्हाला पुरलं. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवंच असेल तर जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री आहेत. त्यांचा रस्ता मात्र सरळ मिशनचा होता.

चर्चेत जे मुद्दे आले ते एकेका धर्माच्या खात्यावर टाकता येत नाहीत, आणि तुम्हीही टाकू नका. वारकरी घरातल्या एका सभासदाचा पाठिंबा होता, तर एका ख्रिस्ती शिक्षकाचा विरोध. त्यांचं म्हणणं, “नाव लिहिलं की उद्या गावात धर्मांतराची आवई उठेल, अन् मार आम्हाला बसेल.” हा मुद्दा हलका नव्हता. बौद्ध सभासदांचा प्रश्न वेगळा : एक मूळ लिहिलं तर बाकीची का नाहीत? आम्ही १९५६ नंतर आलो ते मिशनकडं नाही, वर्गातल्या मोकळ्या बाकाकडं आलो. काहींना वाटायचं की ही सगळी वकिली आहे, प्रार्थना चालू आहे ना, मग झालं. आणि मावशींसारख्यांना फक्त एवढंच हवं होतं की आपण पाहुणे नाही हे कागदावर यावं.

या चर्चा तीन बैठकांत झाल्या. एक नियम उपयोगी पडला : बोलणाऱ्यानं आपला आक्षेप एका वाक्यात लिहून द्यायचा. अर्धे आक्षेप लिहितानाच विरले. उरलेल्यांतून मसुदा निघाला.

मसुद्यात सगळी गोम ‘कुठं लिहायचं’ यात आहे, ‘काय लिहायचं’ यात नंतर. संस्थेच्या ज्ञापनात, म्हणजे घटनेच्या सुरुवातीच्या मूळ दस्तऐवजात, उद्देश असतात आणि त्याआधी पूर्वपीठिका, म्हणजे इतिहास सांगणारं प्रास्ताविक, असू शकते. ‘ख्रिस्ती मूल्यांचा प्रसार’ असं काही उद्देशात घातलंत तर आयकराचं दार वाजतं. ८०जी च्या सवलतीसाठी (देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट) संस्था विशिष्ट धार्मिक समुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असता कामा नये, आणि धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च चालतो. १९६२ नंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एकाच धार्मिक समुदायासाठी असेल तर उत्पन्नावरची सूटही अडचणीत येते. शिवाय नोंदणीच्या अटींशी न जुळणारा बदल उद्देशांत केला तर ३० दिवसांत अर्ज भरावा लागतो (आमच्या वेळी तो फॉर्म १०एबी होता). हा ३० दिवसांचा काटा बहुतेक संस्थांच्या लक्षातच नसतो, कारण सगळ्यांचा डोळा धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायच्या ९० दिवसांवर असतो. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएला नव्यानं विचारा.) आमच्या सीएनं ३,००० रुपये घेतले आणि सल्ला चार शब्दांचा दिला : मूळ इतिहासात, उद्देशात नको.

शब्दांवर दोन बैठका गेल्या. ‘ख्रिस्ती संस्था’ खोटं होतं. ‘ख्रिस्ती प्रेरणेची संस्था’ यात आज कोण कशानं प्रेरित आहे हे आपण कसं सांगणार? ‘प्रभू येशू’ म्हणायचं तर श्रद्धेची कबुली होते, नुसतं ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त, तीही कबुलीच. म्हणून ‘येशूची शिकवण’. ‘समविचारी मंडळी’ हे शब्द काढावेत असं बऱ्याच जणांचं मत होतं. शेवटी ते ठेवले आणि ती कोण हे सांगितलं. मंजूर झालेला मजकूर असा :

“या मंडळाची रविवारची प्रार्थना ख्रिस्ती मिशनच्या शाळेत सुरू झाली. शाळेतील ख्रिस्ती शिक्षक आणि त्यांच्यासोबत बसणारे वारकरी, बौद्ध व इतर शेजारी ही या मंडळाची पहिली समविचारी मंडळी होत. येशूची शिकवण व संतांची अभंगवाणी या दोन्हींचे ऋण मंडळ मानते. मंडळाचे सभासद होण्यासाठी कोणताही संस्कार वा धर्मांतर आवश्यक नाही. सभासदाचा धर्म मंडळ विचारत नाही व नोंदवत नाही.”

शेवटचं वाक्य परमहंस सभेच्या फुटलेल्या यादीनं सुचवलं. ते लिहिताना लक्षात आलं की आमच्याच जुन्या सभासद अर्जात ‘धर्म’ असा रकाना आहे. तो त्याच दिवशी काढला.

आता मतदान. पूर्वपीठिका ज्ञापनाचाच भाग होणार म्हणून वकिलानं सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम १२ चा रस्ता धरायला सांगितला, म्हणजे पुढं कुणी बोट ठेवायला नको. या कलमाची मागणी अशी : प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात प्रत्येक सभासदाकडं सभेच्या १० दिवस आधी पोचला पाहिजे, पहिल्या विशेष सभेत तीन पंचमांश सभासदांची मतं हवीत (प्रत्यक्ष किंवा प्रतिनिधीमार्फत), आणि महिन्याच्या अंतरानं दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो पक्का व्हायला हवा.

आमची पहिली चूक इथंच झाली. मार्चच्या सभेची नोटीस काढली ती नेहमीच्या पद्धतीनं : विषय १, मागील इतिवृत्त, विषय २, घटनादुरुस्ती, विषय ३, ऐनवेळचे विषय. वकिलानं ती परत घ्यायला लावली. जुना मजकूर डावीकडं, नवा उजवीकडं, कारणं खाली, असा पूर्ण प्रस्ताव जोडलेला हवा, आणि विशेष सभेत ऐनवेळचा विषय नकोच. मार्च गेला. पण त्यानं भलंच झालं, कारण मार्चमध्ये आमचे नऊ सभासद ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात होते. मराठवाड्यातल्या कुठल्याही संस्थेनं असली सभा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात घेऊ नये. नंतर लोकसभेची निवडणूक आली. जालन्याचं मतदान १३ मे ला होतं, ते उरकल्यावर १९ मे हा रविवार धरला.

दुसरी अडचण सभासद नोंदवहीची. वहीत नावं ७१. त्यातले सात जण वारलेले, पण नावं तशीच. ७१ चे तीन पंचमांश म्हणजे ४३ मतं लागली असती. ६४ चे धरले तर ३९. म्हणून आधी कार्यकारिणीच्या ठरावानं मृतांची नावं कमी करा, मृत्यूचा दाखला किंवा वारसाचं पत्र जोडून. आणि हे प्रस्तावाची नोटीस निघण्याआधी करा, नंतर नको. नाहीतर मतांसाठी नावं उडवली असा आरोप होतो. गावातल्या सभासदांना नोटीस हातोहात देऊन वहीवर सही घेतली, बाहेरगावच्या १९ जणांना पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवली.

१९ मे च्या सभेत हजर ४४, प्रतिनिधिपत्रं ६. बाजूनं ४३, विरोधात ५, तटस्थ २. विरोधकांची मतं त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या संमतीनं नावानिशी इतिवृत्तात घेतली. यातला एक जण धर्मादाय कार्यालयात हरकत घेणार असं बोललं जात होतं. इतिवृत्त वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, “माझं लिहून घेतलंत ना, बास झालं.” दुसरी सभा २३ जूनला. नेमकी पेरणी चालू, त्यामुळं ३६ जणच आले, पण इथं हिशेब हजर असलेल्यांचा असतो. २२ पुरेशी होती, ३१ मिळाली. या सभेची नोटीस काढताना ‘मागील सभेप्रमाणे’ असं लिहून भागवू नका. सगळा प्रस्ताव पुन्हा जोडा.

त्या दिवसापासून ९० दिवस मोजायचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम २२, परिशिष्ट ३ मधला बदल अर्ज. २३ जूनपासून नव्वदावा दिवस २१ सप्टेंबर, तो शनिवार; त्याच्या आधी गणपती. शेवटच्या आठवड्यावर ठेवलं की विलंबमाफीचा अर्ज आणि वर खर्च. आम्ही ३० जुलैला दाखल केला. सोबत काय काय लागलं : दोन्ही नोटिसा आणि त्या पोचल्याचे पुरावे, हजेरीच्या सह्या, दोन्ही इतिवृत्तं, ठरावांच्या खऱ्या नकला, जुन्या आणि नव्या घटनेची प्रत, परिशिष्ट १ चा (संस्थेच्या नोंदणीचा) ताजा उतारा, अध्यक्ष-सचिवांचं शपथपत्र. सगळ्याचे तीन संच करा, एक आपल्याकडं, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

दीड महिन्यानं त्रुटी निघाली, ती कुणाच्या ध्यानीमनी नसलेली. अकरा बायकांची नावं सभासद वहीत माहेरची होती आणि हजेरीत सासरची. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ अशी शपथपत्रं करावी लागली, पुन्हा नोटरी, पुन्हा एक फेरी. हे आधीच बघून घ्या. ख्रिस्ती शब्दाबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. “उद्देश बदललेत का? नाव बदललंय का?” एवढेच दोन प्रश्न आले, दोन्हींना उत्तर ‘नाही’. इतके महिने ज्या शब्दाची धास्ती घेतली होती तो टेबलावरून नुसता सरकला.

खरी धडकी भरली ती नंतर. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पुद्दुचेरीच्या एका महिलेनं हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. तिचा बाप्तिस्मा झालेला आणि ती नियमित चर्चला जाणारी, म्हणून तो नाकारला गेला. दोन दिवसांत चार सभासद विचारायला आले : आमच्या पोरांच्या दाखल्याला काही होईल का? आम्ही त्यांना पूर्वपीठिकेचं शेवटचं वाक्य दाखवलं. बाप्तिस्मा नाही, धर्माची नोंद नाही, आणि मंडळ म्हणजे चर्च नव्हे. तरी ज्याला शंका असेल त्यानं स्वतःचे कागद घेऊन वकिलाला भेटावं, असंही सांगितलं. कारण मंडळाचं वाक्य म्हणजे त्याच्या दाखल्याची हमी नव्हे. एका कुटुंबानं तेव्हापासून येणं थांबवलंय. त्यांना कुणी टोचून बोललेलं नाही.

उपासनेत बदल केला तो थोडाच. महिन्यातल्या पहिल्या रविवारी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना आणि टिळकांचं एखादं भजन. ज्याला म्हणायचं नसेल त्यानं गप्प बसावं. प्रभुभोजन घ्यावं अशी एक सूचना होती, ती नाकारली. तो चर्चचा संस्कार आहे. त्याला दीक्षित पाळक लागतो. मुळाचा मान ठेवायचा म्हणजे त्यांचं ताट उचलून आणायचं असं नाही, हे ख्रिस्ती सभासदांनीच सांगितलं. मंडळाच्या नावाच्या पाटीला हात लावला नाही.

आदेश जानेवारी २०२५ अखेर झाला, प्रमाणित प्रत फेब्रुवारीत हातात आली. खर्च : भाषांतर २,४५०, छपाई-झेरॉक्स १,१५०, पोस्ट १,१००, वकील ९,०००, सीए ३,०००, दोन सभांचं जेवण ४,२००, कोर्ट फी-नोटरी-प्रवास २,६००. एकूण २३,५०० रुपये. वर्गणीतून १६,००० निघाले, बाकी पाच जणांनी वाटून घेतले.

एडिंबरोचं उत्तर प्रमाणित प्रतीनंतर आठवड्यानं आलं : शाळेचं नाव दोन अहवालांत सापडतंय, प्रती हव्या असतील तर शुल्क कळवतो. पुढच्या कार्यकारिणीत विषय क्रमांक ४ तोच आहे. विषय ५, घंटेची दोरी बदलणे.